नववीनंतरचे ताट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या खेड्यात जन्मलेले मूल सहा वर्षांचे होईपर्यंत अंगणवाडीच्या वहीत असते. त्याचे वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो, वजन घसरले तर अंगणवाडीताई घरी येते. पुढे शाळेत गेले की आठवीपर्यंत दुपारच्या पोषण आहाराच्या पटावर त्याचे नाव असते. नववीत ते नाव गळते. मुलगी असेल तर काही वर्षांनी ती सरकारी नोंदीत पुन्हा उगवते, गरोदर माता म्हणून. तेव्हा तिचे हिमोग्लोबिन तपासले जाते आणि आकडा पाहून सगळ्यांची धावपळ सुरू होते. मुलगा बहुधा पुन्हा उगवतच नाही. या दोन नोंदींच्या मधल्या वर्षांत ही मुले काय खातात, कोणाच्या हातचे खातात आणि त्यांना खाण्याबद्दल कोण काय शिकवते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय म्हणते. माणूस आपल्या प्रौढ उंचीचा पंधरा ते वीस टक्के भाग आणि वजनाचा जवळपास निम्मा भाग याच काळात कमावतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागते आणि त्याच वयाच्या मुलाला 22. याच संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यात पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात लोह भरते अवघे 0.65 मिलिग्रॅम. म्हणजे धानपट्ट्यातली मुलगी दिवसाला अर्धा किलो तांदळाचा भात जेवली तरी तिच्या पदरात सव्वातीन मिलिग्रॅम पडते. उरलेले भरून काढायला भाजी, डाळ, मासळी, अंडे लागते, आणि ते ताटात आले नाही तर भाताने पोट गच्च भरूनही अंगात रक्त कमीच राहते.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. चंद्रपुरात एकीकडे ताडोबा, तर दुसरीकडे कोळसा, सिमेंट आणि औष्णिक वीज. खाण्यापिण्याच्या दृष्टीने मात्र वैनगंगेच्या दोन्ही काठांचा धानपट्टा एकच. कागदावर तसे नाही. गडचिरोली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्यामुळे 14 ते 18 वयाच्या मुलींसाठीची केंद्राची पोषण योजना तिथे लागू आहे, आणि चंद्रपूर त्या यादीत नाही. म्हणून नदीपलीकडच्या देसाईगंजच्या मुलीला जे मिळू शकते ते अलीकडच्या ब्रह्मपुरीच्या मुलीला मिळत नाही. मुलगे तर दोन्ही काठांवर योजनेबाहेर.

या भागातले जुने ताट गरीब होते, पण एकसुरी नव्हते. भातासोबत लाखोळीचे वरण, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, मामा (माजी मालगुजारी) तलावातली काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, सुके झिंगे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, पुढे चार आणि टेंभरं. पाऊस लागला की बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, वारुळावरच्या सात्या म्हणजे अळंबी, बांधावरचा केना, परसातली कोचई. भामरागड-एटापल्लीकडे माडिया घरांत कोसरी या भरड धान्याचा जावा आणि लाल मुंग्यांची चटणी. लाखोळीच्या डाळीची गोष्ट तर स्वतंत्र ग्रंथाची आहे. अतिसेवनाने पाय लुळे पडतात म्हणून 1961 पासून केंद्रीय नियमांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली, तरी पूर्व विदर्भातला शेतकरी धानाच्या बांधीत ती पेरतच राहिला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी तिच्या बाजूने वर्षानुवर्षे आंदोलन केले. दुष्काळात नुसती हीच डाळ खाऊन जगणारा माणूस आणि वरणाला मूठभर लाखोळी टाकणारे घर यांत फरक आहे, हे साधे भान त्या वादात कित्येकदा हरवले.

तांदळाचे तसेच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकले होते आणि त्यांची जमीन दीड एकराच्या आसपास होती. त्यांनी निवडीतून ‘एचएमटी’ हे बारीक, चवदार धान तयार केले आणि ते अनेक राज्यांत पसरले. 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण बारीक आणि पांढराशुभ्र भात ही प्रतिष्ठेची खूण झाली आणि गिरणीने कोंडा काढून घेतला, ही गोष्टही त्याच काळातली. मुसळाने कांडलेला लालसर तांदूळ पाहुण्याला वाढायची आज लाज वाटते. रेशनवर येतो तोही पांढराच. मुलांनी भरड धान्य सोडले म्हणून त्यांना दोष देण्याआधी मोठ्यांनी आपल्या पंगती आठवाव्यात.

आणखी एक बदल याहून खोल आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. या भागात किशोरवय हे अन्न शिकण्याचे वय होते. कोणत्या वारुळावर सात्या निघतात, कोणता कंद किती वेळा उकळायचा, मोह वेचायला पहाटे कोणत्या वाटेने जायचे, हे आठ-दहा वर्षांचे मूल पाहत असे आणि पंधराव्या वर्षी स्वतः करत असे. माडिया समाजात नवे फळ, नवे धान्य पंडुम हा सण केल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. त्याआधी आंबा तोडायचा नाही, हा नियम मुलांना कोणी फळ्यावर लिहून शिकवला नव्हता. आज तेच मूल सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत जाते. शाळा जूनअखेर उघडते, नेमकी रानभाज्या उगवतात तेव्हा. ते घरी परतते उन्हाळ्यात, मोहाचा हंगाम सरताना. पावसाळ्यातली निम्मी भाजी त्याने आईच्या तोंडून फक्त ऐकलेली असते. शाळा नको असे यात कोणी म्हणत नाही. शिक्षणाची ही एक किंमत होती आणि ती कोणी हिशेबात धरली नाही, एवढेच. त्यात चंद्रपूर जिल्ह्यात मोह आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यांची भीती खरी आहे. पोरीबाळींना जंगलात धाडायला घरचे धजत नाहीत, ते उगीच नाही.

रिकाम्या जागा रिकाम्या राहत नाहीत. शाळेच्या वाटेवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतात. बाजाराच्या दिवशी आलूबोंडा, समोसा, पोंगे, रंगीत सरबत. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत तेल, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 पासून आहे. खेड्यातल्या दुकानदाराला तो ठाऊक असला तर नवल. आणि मग पानठेला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा या दोन जिल्ह्यांत शाळकरी मुलांच्या खिशात सापडतो. आहाराच्या पुस्तकात खर्रा कशाला, असे कोणी विचारील. कारण तो भूक मारतो, खिशातले पैसे खातो आणि सुपारीमुळे तोंडातली त्वचा आखडली की तिखट सोसत नाही, पुढे घास घेण्यापुरते तोंडही उघडत नाही. 2012 च्या गुटखाबंदीने पाकिटे गेली, घोटून देणारे हात राहिले. गडचिरोलीत 2016 पासून राज्य शासन, बंग दांपत्याची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम चालवली, तेव्हा या सवयीकडे प्रथमच जिल्हा पातळीवर पाहिले गेले. किशोरांच्या आहारावरचे जे शिक्षण खर्ऱ्याबद्दल गप्प राहते ते इथे कामाचे नाही.

आता थोडे मागे जाऊन या शास्त्राचा प्रवास पाहू, कारण नवख्या वाचकाला आजच्या योजनांमागचे मतभेद त्याशिवाय कळत नाहीत. भारतातल्या आधुनिक पोषणसंशोधनाची सुरुवात 1918 मध्ये कुन्नूरला झाली. तिथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीचा अभ्यास हाती घेतला. गिरणीच्या तांदळातून काय निघून जाते, हा प्रश्न तेव्हापासूनचा. तीच प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

स्वातंत्र्यानंतर मोठा वाद पेटला तो प्रथिनांवरून, आणि त्यात मराठी माणूस आघाडीवर होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. गरीब देशांत प्रथिनांची दरी आहे, ती भरायला खास पूड, खास पेय द्यावे, असा 1960 च्या दशकात जगभर गजर होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून म्हटले की डाळ-भात पोटभर मिळाला तर बहुतेकांना प्रथिने पुरतात. कमी आहे ते एकूण अन्न. काळाने त्यांची बाजू बरीचशी खरी ठरवली. पण शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते, या त्यांच्या पुढच्या मांडणीचा आधार घेऊन 1980 च्या सुमारास अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ हा सिद्धान्त मांडला आणि पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी तो कडाडून फेटाळला. लहान चण हा जुळवून घेण्याचा पुरावा नसून वंचनेची खूण आहे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद जुना वाटेल. पण ‘आमच्यात पोरं अशीच बारीक असतात’ हे वाक्य पालकांच्या आणि शिक्षकांच्याही तोंडी ऐकू येते तेव्हा सेक्लरसाहेब अजून धानपट्ट्यात मुक्कामाला आहेत असे वाटते.

त्यानंतरचा काळ गोळीचा. कॅलरी आणि प्रथिनांवरून लक्ष लोह, आयोडीन, अ जीवनसत्त्व यांकडे वळले. 2012-13 पासून शाळांत दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी सुरू झाली, 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, 2018 मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’. गोळी नको असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, शौचाला काळी होते, आणि मग एका वर्गातून दुसऱ्या वर्गात अफवा धावते. शिक्षकांनी स्वतः मुलांसमोर गोळी घ्यावी, असे मार्गदर्शक सूचनांत म्हटलेले आहे. ती सूचना पाळणाऱ्या शाळेत निम्मी भीती तिथेच संपावी.

या दोन जिल्ह्यांत गोळीची मर्यादा दुसरीच आहे. रक्त कमी असण्याची कारणे इथे एकात एक गुंतलेली आहेत. ताटात लोह कमी, हे एक. अनवाणी शेतात वावरल्याने आकडेकृमी, हे दुसरे. मलेरिया हे तिसरे. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा सतत मोठा राहिला आहे. मुलींना पाळी आहेच. आणि सिकलसेल. तो आहाराने होत नाही आणि आहाराने बरा होत नाही. सिकलसेल असलेल्या मुलाला लोह द्यायचे की नाही हे तपासणीनंतर ठरवावे लागते. रेशनमधून लोहयुक्त तांदूळ देण्याच्या प्रयोगासाठी महाराष्ट्रातून गडचिरोली निवडला गेला, तेव्हा सिकलसेलच्या रुग्णांनी असे अन्न खाऊ नये ही सूचना नियमानुसार वेष्टनावर हवी होती. नंतर ती सूचनाच काढून टाकण्यात आली. तज्ज्ञांचे मत बदलले असेल. पण ज्या पट्ट्यात हा आजार घरोघर माहीत आहे तिथल्या माणसाला आधी एक आणि नंतर दुसरे का सांगितले, हे समजावून द्यायला कोणीतरी हवे होते. पोषणशिक्षण म्हणतात ते हेच, आणि नेमके तेच झाले नाही.

आकड्यांबाबतही सावध राहावे लागते. 2016-18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 40 टक्के किशोरवयीन मुली आणि 18 टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींचा आकडा 59 टक्के आला. एका पाहणीत शिरेतून रक्त घेतले, दुसरीत बोटाच्या टोकातून, वयोगटही वेगळे. फरकाचे बरेचसे कारण त्यात आहे. दर वेळी नवा आकडा हातात घेऊन हाकाटी करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

प्रथिनांचा वाद आणि गोळी हे दोन प्रवाह झाले; तिसरा प्रवाह स्थानिक ज्ञानाचा. त्याची मुळे याच मातीत आहेत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला स्त्रीरोगांचा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे जगाला कळले. त्या पाहणीत लग्न न झालेल्या मुलीही होत्या. पुढे राणी बंग यांनी ‘गोईण’मध्ये इथल्या बायकांना झाडांची किती माहिती आहे ते नोंदवले आणि ‘तारुण्यभान’ शिबिरांतून किशोरांशी शरीराबद्दल मोकळेपणाने बोलण्याची रीत पाडली. हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथे दवाखान्यापाठोपाठ शाळा आली, हा क्रम बोलका आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. जंगलावरचा हक्क हा ताटावरचाही हक्क असतो, हे त्यानंतर बोलणे सोपे झाले. अलीकडे कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. महोत्सव चांगले, फक्त तिथली भाजी शहरातला पाहुणा कौतुकाने खातो आणि आश्रमशाळेच्या भांड्यात त्या दिवशीही बटाटाच असतो, एवढे लक्षात घ्यावे. रानातले सगळे चांगलेच, असा भाबडेपणाही या प्रवाहात शिरला आहे. मोहाचे लाडू लोहाच्या गोळीची जागा घेणार नाहीत.

चौथा प्रवाह सवयीकडे आणि बाजाराकडे पाहतो. 2018 मध्ये राज्याने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकण्याचे ठरवले. मुलांनी त्याविरुद्ध जुलैमध्ये पुण्याहून नाशिककडे मोर्चा काढला. पैसे हातात आले तर खावे काय, कोणाकडून, ते पुरतील का, हा प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे अचानक उभा राहिला होता. चौरस आहाराचा तक्ता पाठ असून चालत नाही. डबा लावायचा की खोलीत भात शिजवायचा, घरी पैसे धाडायचे की पुस्तक घ्यायचे, या हिशेबात ताट ठरते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक दार आहे. गडचिरोलीच्या अनेक गावांत पाळीच्या दिवसांत मुली कुरमा घरात राहतात. तिथे त्या रांधत नाहीत, घरून जेवण येते. किती येते, वेळेवर येते का, कोण आणते? या प्रथेवर टीका पुष्कळ झाली. त्या चार दिवसांतल्या जेवणाची चौकशी मात्र क्वचितच झाली.

मराठीत आहारावरचे लेखन कमी नाही. 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पासून पाककृतींची परंपरा आहे, ‘रुचिरा’ने ती घराघरांत नेली, मालती कारवारकरांनी आहारशास्त्र सोप्या मराठीत आणले. पण या लेखनाचा वाचक बहुधा शहरातली, स्वयंपाकघरावर ताबा असलेली गृहिणी. पोषणशिक्षणही तसेच, आईशी बोलणारे. पंधरा वर्षांच्या मुलाशी, तो स्वतः काही ठरवतो असे मानून, बोलणारे पुस्तक दुर्मीळ. शिवाय उदाहरणे सफरचंदाची, पनीरची, दुधाच्या पेल्याची. एटापल्लीच्या मुलीला ते ताट परके आहे आणि घरचे ताट पुस्तकात नाही. मग दोन्हींवरचा तिचा विश्वास उडतो.

प्रस्तुत पुस्तक ही दिशा बदलू पाहते. त्याची मांडणी एका साध्या आग्रहावर उभी आहे: आधी ताट, मग धडा. मुलांनी काल काय खाल्ले इथून बोलणे सुरू होते. त्यात काय घालता येईल, ते गावात कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळते, त्याला किती पैसे पडतात, आणि घरात ते मागायची सोय मुलीला आहे का, हे प्रश्न पाठोपाठ येतात. शाळेची परसबाग, वसतिगृहाचा डबा, पानठेला, निळी गोळी, सिकलसेलचे कार्ड हे सगळे त्याच बोलण्यात येते. काही ठिकाणी लेखकांची मते एकमेकांना छेद देतात, विशेषतः लोहयुक्त तांदळाबाबत. ती तशीच ठेवली आहेत. शिक्षक, अधीक्षक, आशाताई आणि अंगणवाडीताई यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवे असे नाही. आपल्या गावाच्या हंगामाशी जुळेल तो भाग आधी काढावा.

एक मर्यादा सांगायला हवी. कोणतेही शिक्षण रिकाम्या ताटाची भरपाई करू शकत नाही. बारा वाजता भूक लागलेल्या नववीच्या वर्गाला हिरव्या भाजीचे महत्त्व समजावणे हा शिक्षकाचा आणि मुलांचा दोघांचाही अपमान आहे. पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि आरोग्य-शिक्षणाची कामे त्यात बसतात. नववी ते बारावीच्या मुलांसाठी गावातच दुपारचे एक जेवण त्यातून उभे करता येईल का, हा विषय वाचकांनी आपल्या ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत मांडावा, आणि त्या बैठकीला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही बोलवावे, ही विनंती.